फरसबंदीच्या खाली काय आहे? मरीन ड्राइव्ह आणि किनारपथांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या मरीन ड्राइव्हवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. उत्तरं सागरी बांधकाम आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती या क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांची आहेत.

प्रश्न : चौपाटीच्या बाजूच्या दगडी फलकावर १८ डिसेंबर १९१५ ही तारीख आहे. समोरच्या इमारती मात्र १९३०-४० च्या म्हणतात. मग मरीन ड्राइव्ह नेमका कधीचा? (गिरगाव)

तुम्ही पाहिलेला फलक ‘केनेडी सी फेस’चा आहे. चौपाटीलगतचा हा तुकडा आधी बांधला गेला, १९१५ ते १९२० या काळात. चर्चगेटच्या दिशेचा मोठा भाग हा बॅकबे (मरीन ड्राइव्हसमोरचा उपसागर) भरावाचा, म्हणजे दुसऱ्याच योजनेचा. आज दोन्ही सलग दिसतात म्हणून तारखांचा घोळ होतो.

बॅकबे भरायचा पहिला घाट १८६० च्या दशकातला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर भराव कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरवर सट्टा रंगला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. पदरात पडली ती एक अरुंद पट्टी. आजची पश्चिम रेल्वे चर्चगेटहून ग्रँट रोडकडे जाते ती तिच्यावरूनच. मरीन लाइन्सचे रूळ त्या काळी अगदी समुद्राच्या काठाने जात.

दुसरा घाट सरकारी. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात ११४५ एकर भरावाची, आठ ब्लॉकची योजना आखली गेली. आधी समुद्रात दगडी भिंत घालायची, मग बंदरातला गाळ ड्रेजरने उपसून नळांतून भिंतीआड सोडायचा, अशी पद्धत. दगड कांदिवलीच्या खाणीतून रेल्वेने येई. फसलं ते दोन ठिकाणी. ड्रेजरकडून जेवढा गाळ मिळेल असं कागदावर धरलं होतं, त्याच्या जवळपासही प्रत्यक्षात मिळेना. आणि जो भरला जाई, तो भिंतीतल्या फटींतून ओहोटीबरोबर परत समुद्रात जाई. वकील खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला. विकास खात्यातल्या हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून नरीमन १९२८ मध्ये निर्दोष सुटले. दरम्यान सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या समितीने चौकशी केली. मधले ३ ते ६ हे ब्लॉक सोडून द्यावे लागले. उरलेल्या १, २, ७ आणि ८ मध्ये मिळून साधारण ४४० एकर जमीन झाली. पुढे सोडलेल्या भागातल्या भरावावर जो व्यापारी पट्टा उभा राहिला, त्याला नाव मिळालं नरीमन पॉइंट. ज्याने भरावाचे वाभाडे काढले त्याचंच नाव भरावाला, हा मुंबईचा खास विनोद.

भिंतीतून भराव गळणं हा मुद्दा लक्षात ठेवा. खाली तो पुन्हा येणार आहे.

प्रश्न : टेट्रापॉडऐवजी मोठे दगड का टाकले नाहीत? आणि किनारी रस्त्याच्या कामात काही टेट्रापॉड हलवले तेव्हा भरतीला इमारतीत हादरे बसतात अशी तक्रार रहिवाशांनी केली होती. तीन-चार टनांच्या ठोकळ्यांमुळे सात मजली इमारत हलते, हे पटत नाही. (ठाणे)

टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचा काँक्रीटचा ठोकळा, १९५० मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या जलप्रयोगशाळेत तयार झाला. पहिला वापर मोरोक्कोत, कॅसाब्लांकाच्या एका वीजकेंद्राच्या समुद्रातल्या बांधकामासाठी. चार पाय एकमेकांत अडकतात आणि थरात जवळजवळ निम्मी जागा पोकळ राहते. लाट त्या पोकळीत शिरते, फुटते, पाण्याचा जोर तिथेच जिरतो.

दगड की टेट्रापॉड, याचा हिशोब हडसनच्या सूत्राने करतात. लाटेच्या उंचीवरून ठोकळ्याचं वजन काढायचं हे सूत्र. भिंतीपाशी ३ मीटरची फुटती लाट आणि उतार १:२ धरा. साध्या ओबडधोबड दगडाला साधारण साडेचार टन वजन लागतं. टेट्रापॉडला १.९ टन पुरतं. खाणीतून साडेचार टनांचे एकसारखे दगड काढणं अवघड, ते आणणं त्याहून अवघड. टेट्रापॉड मात्र साच्यात जागेवर ओतता येतो. त्याचं आकारमान म्हणजे उंचीच्या घनाच्या ०.२८ पट, म्हणजे दोन टनांचा टेट्रापॉड जेमतेम १.४४ मीटर उंच. दोन थरांत रचले तर १०० चौरस मीटरला साधारण १२० नग लागतात आणि थराची जाडी दोन मीटरच्या आसपास भरते. त्यांच्याखाली सुमारे २०० किलोच्या दगडांचा थर, त्याखाली १० किलोच्या आसपासचा, मग भराव. हे खालचे थर नसतील तर वरचे ठोकळे कितीही जड असोत, हळूहळू रुततात.

याच सूत्रातली एक गोष्ट कंत्राटदारांना नेहमी सांगावी लागते. वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. लाट २० टक्के मोठी धरली तर ठोकळा ७३ टक्के जड लागतो. ‘थोडा लहान चालेल’ असं इथे चालत नाही.

आता हादरे. इमारत हलवणारा टेट्रापॉड नव्हे, त्याची गैरहजेरी. समोर काहीच नसेल तर लाट थेट उभ्या भिंतीवर आपटते. लाटेचा पुढचा भाग आणि भिंत यांच्यामध्ये हवा कोंडते आणि क्षणभर प्रचंड दाबाखाली येते. तो ठोका भिंतीतून मागच्या भरावात जातो. भराव पाण्याने भिजलेला असल्यामुळे तो ठोका पुढे चांगला पोचवतो. जाणवण्याइतकं कंपन म्हणजे इमारतीला धोका, असं मात्र लगेच म्हणता येत नाही. तक्रार करायची असेल तर आठवडाभर हादऱ्यांच्या वेळा लिहून काढा आणि भरतीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. पूर्ण भरतीच्या आगेमागे दीड-दोन तासांत सगळे हादरे येत असतील तर कारण लाट. कामाच्या पाळीत येत असतील तर यंत्रं. भिंतीला तडा असेल तर त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख घाला. पट्टी फुटली तर तडा वाढतोय.

प्रश्न : पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर कधी जाऊ नये हे ॲपशिवाय कसं कळेल? (डोंबिवली)

कोळी आणि खलाशी वापरतात तो हिशोब मुंबईला बऱ्यापैकी लागू पडतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. तासाभराची चूक धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठं असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि ती कमी चढते.

महापालिका पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून मोठ्या भरतींची यादी जाहीर करते. हा आकडा सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजलेला असतो. मुंबईची सरासरी समुद्रपातळी त्याच्या सुमारे अडीच मीटर वर. म्हणजे ४.८ मीटरची भरती सरासरीपेक्षा २.३ मीटर चढलेली. त्यात लाटेची उंची धरलेली नसते, हे लोक विसरतात. त्यामुळे ४.६ मीटरची भरती आणि वादळी वारा हे ४.९ मीटरच्या शांत भरतीपेक्षा जास्त घातक. त्या दिवशी कठड्यावर बसू नका. टेट्रापॉडवर तर कोणत्याच दिवशी उतरू नका. त्यांवर शेवाळ असतं आणि पाय घसरला की माणूस फटीत अडकतो.

प्रश्न : आमच्या गावच्या समुद्रकाठच्या फरसबंदीखाली दर दोन-तीन पावसाळ्यांनी खड्डा पडतो. दर वेळी नवी फरशी बसवली जाते. यात कोणाची चूक? (कोकण, गावाचं नाव न छापण्याच्या विनंतीवरून)

चूक फरशीत नाही, म्हणून फरशी बदलून ती निघतही नाही. समुद्रभिंतीमागचा भराव निसटतोय. भरतीला पाणी सांध्यांतून आत येतं, ओहोटीला बाहेर जाताना बारीक माती घेऊन जातं. वर फरशी आणि तिच्याखालचं काँक्रीट तेवढं राहतं, खाली पोकळी. एक दिवस कोणी ढकलगाडी नेतो आणि ते खचतं. १९२० च्या दशकात बॅकबेत झालं ते हेच, मोठ्या प्रमाणावर.

दुरुस्तीचा क्रम असा :

आधी ओहोटीला पूर्ण पट्टा हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज येणाऱ्या जागा खडूने खुणवा. लांबी मोठी असेल तर रडारने तपासणी करून घ्या. सर्वांत वाईट जागी एक चौरस मीटर उघडा. पोकळी फरशीखाली दोन-चार सेंटिमीटरच असेल तर मसाला सुटलाय, काम सोपं. हात खांद्यापर्यंत आत जात असेल तर भराव गेलाय.

मग गळती शोधा. ओहोटी लागताच खड्ड्यात हिरवा फ्लुरेसिन रंग मिसळलेलं पाणी ओता आणि भिंतीच्या समुद्राकडच्या तोंडावर रंग कुठून बाहेर येतो ते बघा. बहुतेक वेळा जागा खड्ड्यासमोर नसते, पाच-दहा मीटर बाजूला निघते. ही पायरी सगळे गाळतात आणि म्हणूनच पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होतं.

समुद्राच्या बाजूने सांधे किमान ५० मिमी खोल खरवडून जलद घट्ट होणाऱ्या मसाल्याने भरा. साधा मसाला पुढच्या भरतीत धुऊन जातो. मागच्या बाजूने भराव खणून भिंतीला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) लावा, दोन पट्ट्या एकमेकींवर अर्धा मीटर चढवून. त्यामागे मातीकडे बारीक आणि भिंतीकडे जाड अशी चढती खडी आणि वर २०० मिमीच्या थरांनी ठोकून भराव. खडी निवडताना नियम एकच : तिच्या बारीक भागाचा आकार मातीतल्या जाड कणांच्या पाचपटीच्या आत हवा, नाहीतर माती तिच्यातूनही वाहून जाते.

दोन गोष्टी करू नका. पोकळीत काँक्रीट ओतून मोकळे होऊ नका. पाणी त्या गोळ्याला वळसा घालून शेजारी नवी वाट काढतं. आणि गळती थांबवायच्या नादात भिंतीतली निचऱ्याची भोकं बुजवू नका. ओहोटीला भिंतीमागचं पाणी एक मीटर उंच राहिलं तरी तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब बाहेरच्या बाजूला पडतो. ७५ ते १०० मिमीचे नळ दीड-दोन मीटर अंतरावर हवेतच, फक्त प्रत्येकामागे खडीचं गाळण हवं.

निविदेत फरशीचा रंग, नक्षी, कंपनी सगळं लिहिलेलं असतं आणि गाळण या शब्दाचा पत्ता नसतो. तुमच्या नगरपंचायतीला माहिती अधिकारात मोजमाप-वही मागा. भराव आणि जिओटेक्स्टाइलच्या नोंदी नसतील तर उत्तर मिळालं.

प्रश्न : क्वीन्स नेकलेसचे दिवे पांढरे झाले होते, मग पुन्हा पिवळे. का? (पुणे)

२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हच्या या हारासारख्या रांगेतले सोडियम व्हेपरचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले. वीज वाचली, पण हाराचा सोनेरी रंग गेला आणि ओरड झाली. नंतर पिवळसर एलईडी आले. एलईडीतही २७००-३००० केल्विनचे उबदार रंगाचे दिवे मिळतात. सुरुवातीलाच ते मागवले असते तर दुसरा खर्च टळला असता.

प्रश्न : आमची इमारत समुद्रासमोर आहे, १९३० च्या दशकातली. सळया गंजून प्लास्टर पडतंय. ठेकेदार म्हणतो, पडेल तिथे भरत राहू. योग्य आहे का? (मरीन ड्राइव्ह परिसर)

नाही. तुमची इमारत ज्या रांगेत आहे ती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहात येत असेल, तर आधी मुंबई वारसा संवर्धन समितीकडून काय करता येतं ते विचारा. या समूहात ९४ इमारती आहेत. याच रस्त्यावरचा जी. बी. म्हात्रे यांचा सूना महाल १९३७ चा. म्हात्रे यांच्यासारख्या वास्तुकारांनी सिमेंटला गोलाई दिली, छज्जे पट्ट्यांसारखे फिरवले. ते छज्जे शोभेचे वाटले तरी ऊन-पाऊस अडवतात. ‘जीर्ण झालाय, कापून टाकू’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

त्या काळी सळईवर काँक्रीटचं कव्हर बहुधा २०-२५ मिमीच असे. आजच्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे समुद्राचे तुषार उडतात तिथे ५० मिमी आणि एम-३५ ताकदीचं काँक्रीट लागतं. क्षार या पातळ कव्हरमधून केव्हाच सळईपर्यंत पोचले आहेत. म्हणून आधी कव्हर मोजा आणि ०-२५, २५-५० मिमी खोलीवरचे नमुने काढून क्लोराइड (मिठातला क्षार) तपासा. सळईच्या खोलीवर क्लोराइड जास्त असेल तर नुसतं ठिगळ उलटं वागतं. नव्या मसाल्यातला तुकडा सुरक्षित राहतो आणि त्याच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, गंज जोरात सुरू होतो. वर्ष-दोन वर्षांत ठिगळाभोवती गोल तडा दिसतो तो यामुळे.

काम असं व्हावं : आधी टेकू. पोकळ भाग सळईच्या मागे २०-२५ मिमी मोकळे होईपर्यंत फोडा, नुसतं दिसणारं काँक्रीट काढून थांबू नका. सळई चकचकीत होईपर्यंत घासा. जाडी चतुर्थांशाहून जास्त गेली असेल तर शेजारी नवी सळई बांधा. गंजरोधक लेप, जोडणारा लेप, मग पॉलिमर मसाला पातळ थरांनी, आणि ओल टिकवून क्युरिंग. जोडणारा लेप सुकून गेल्यावर मसाला लावला तर तो चिकटायच्या ऐवजी सुटतो, ही सर्रास होणारी चूक. क्लोराइड जास्त असलेल्या ठिकाणी ठिगळाच्या कडेने जस्ताचे छोटे ॲनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) सळईला बांधा. शेवटी वाफ बाहेर जाऊ देणारा रंग. ऑइलपेंट आतली ओल कोंडतो. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच पुन्हा काढायला सांगा. ती बुजली की पाणी छज्ज्याखालून थेट तुळईकडे पळतं.

प्रश्न : किनारी रस्त्यालगतचा नवा विहारपथ मरीन ड्राइव्हपेक्षा मोठा आहे का? (नाशिक)

हो. पूर्ण लांबी साडेसात किलोमीटर, रुंदी २० मीटर. त्यातला ५.२५ किलोमीटर भाग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला : प्रियदर्शिनी पार्क ते हाजी अली आणि बडोदा पॅलेस ते वरळी. मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरच्या आसपास. फरक पोचण्यात आहे. मरीन ड्राइव्हला घरातून रस्ता ओलांडला की समुद्र. नव्या पथावर जलदगती रस्त्याखालच्या भुयारी मार्गांनीच जाता येतं, त्यामुळे जाण्याआधी जवळचं भुयार कुठे आहे ते बघून ठेवा.

प्रश्न : आमच्या ४०० मीटर वाळूच्या किनाऱ्यावर मरीन ड्राइव्हसारखा कठडा, टेट्रापॉड आणि विहारपथ करायचं घाटतंय. काय काळजी घ्यावी? (सिंधुदुर्ग)

आधी हे ठरवा की भिंत हवीच आहे का. मरीन ड्राइव्ह भरावाच्या कडेला आहे, तिथे मागे हटायला जागाच नव्हती. तुमच्याकडे वाळू आहे. वाळूचा किनारा पावसाळ्यात खंगतो, वाळू पाण्याखाली उंचवट्यात जाऊन बसते आणि दिवाळीनंतर हळूहळू परत येते. उभी भिंत घातली की लाट तिच्यावरून उलटून पायथ्याची वाळू खेचून नेते आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याची जमीन कापते.

पुदुच्चेरीचं उदाहरण ताजं आहे. तिथे १९८० च्या दशकात बंदराचे बांध झाले, उत्तरेकडे सरकणारी वाळू अडली आणि गावासमोरची पुळण गेली. उरली ती दगडांच्या ढिगाऱ्याआडची प्रसिद्ध किनारसडक. अलीकडे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा, सुमारे ९०० टनांचा पोलादी सांगाडा बसवून लाटेचा जोर तोडला आणि वाळू परत येऊ लागली. तिथे किनारपथाचं पुनरुज्जीवन झालं ते वाळू परत आणून.

तेव्हा : दर ५० मीटरला पक्का खांब रोवून मेच्या मध्यात आणि ऑक्टोबरअखेर वाळूची पातळी मोजा, शक्य तर दोन वर्षं. वाळू परत येत असेल तर भिंत नको. विहारपथ वाळूच्या टेकाडाच्या मागे, सुट्या फरशीचा किंवा लाकडी करा, पुढे मर्यादवेल राहू द्या. सुरूची झाडं वाऱ्याला ठीक, पण कड कापली गेली की मुळं उघडी पडून ती आडवी होतात.

वाळू परत येत नसेल आणि मागे घरं असतील, तर धूपप्रतिबंधक बंधारा घ्यावा लागेल. त्यासाठी सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची) मंजुरी आणि अधिकृत भरतीरेषेचा नकाशा लागतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राकडून लाटांचा अभ्यास करून घेता येतो. आणि टेट्रापॉडचा हट्ट आधी तपासा. उथळ पाण्यात लाट खोलीच्या सुमारे ०.७८ पटीहून उंच टिकत नाही. पायथ्याशी भरतीला दीड मीटर पाणी असेल तर लाट १.१७ मीटर, आणि १:२ उतारावर त्याला २७० किलोचा काळा दगड पुरतो. टेट्रापॉडची गरजच नाही. मात्र हा हिशोब वाळू आहे त्या पातळीला धरून. पावसाळ्यात पायथा एक मीटर खणला गेला तर पाणी अडीच मीटर, लाट १.९५ मीटर आणि लागणारा दगड १.२ टनांचा, म्हणजे साडेचारपट. म्हणून दगड खणलेल्या पातळीवरून ठरवा आणि बंधाऱ्याचा पायथा तेवढा खाली न्या. कोकणातले बंधारे वरून ढासळलेले दिसतात, पण बहुतेकांची सुरुवात पायथ्यापासून झालेली असते.

वरच्या कठड्याला नळ्या लावणार असाल तर ३०४ नव्हे, ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा. स्क्रू आणि बोल्टही त्याच दर्जाचे, नाहीतर दोन पावसाळ्यांत प्रत्येक बोल्टखाली तांबडी धार ओघळते. टेट्रापॉड करायचेच ठरले तर त्यात सळई घालू देऊ नका. तो साध्या काँक्रीटचाच असतो. सळई गंजून फुगली की पाय आतून तडकतो.